भुसभुशीत बर्फावर रुंद पायांनी

स्नोशू म्हणजे बर्फात पाय कमी रुतावा म्हणून बुटाखाली बांधायची लांबरुंद चौकट. ते पायात चढवण्याआधी आम्हाला ते न घालता चालायला लावलं. झाडांमधल्या एका मोकळ्या जागेकडे गाइडबाईंनी बोट दाखवलं आणि म्हणाल्या, पलीकडच्या त्या बर्चच्या झाडाला हात लावून परत या. आदल्या रात्रीपासून तिथे कुणाचं पाऊल पडलेलं नव्हतं. अंतर असेल तीस-चाळीस पावलांचं. वर सपाट, पांढराशुभ्र पृष्ठभाग, स्वच्छ ऊन, वाऱ्याचा पत्ता नाही. यात काय अवघड आहे, असंच सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं.

पहिलं पाऊल घोट्याच्या वर गेलं. दुसरं गुडघ्यापर्यंत. तिसरं मात्र वरच थांबलं. तिथे बर्फावर पातळसा पापुद्रा धरला होता. त्याने क्षणभर वजन पेललं, आणि सगळा भार त्या पायावर आला तसा तो फुटून पाय थेट मांडीपर्यंत आत. पाय रुतण्याचं एवढं काही नाही, पण तो कधी रुतेल आणि कधी नाही याचा भरवसा नसणं फार दमवतं. कंबर दर पावलाला वेगळ्या उंचीवर. आत गेलेला पाय काढायचा तर दुसऱ्यावर जोर द्यावा लागतो, आणि जोर दिला की तोही खाली जातो. हात टेकावेत तर कोपरापर्यंत बर्फ. बर्चला हात लावून परत येईपर्यंत जॅकेटच्या आत घाम फुटला होता आणि बुटांत बर्फ शिरला होता. मागे वळून पाहिलं तर ओळीने खड्डे. अशा खड्ड्यांच्या वाटेवरून दुसऱ्या कुणाला चालायचं असेल तर त्याची तंगडी मोडायचीच, म्हणून खोल बर्फात नुसत्या बुटांनी वाट बिघडवून ठेवणं तिकडे असभ्यपणाचं मानतात.

हिशेब साधा आहे. नुकत्या पडलेल्या भुरभुरीत बर्फाचं वजन घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो असतं. तेवढ्याच पाण्याचं १००० किलो. म्हणजे पायाखाली जे पांढरं दिसतं त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त, नुसती हवा. काही दिवस पडून राहिलेला, स्वतःच्या वजनाने खचलेला बर्फ २०० ते ३०० किलोपर्यंत जातो. वाऱ्याने थापलेला त्याहून जड आणि टणक. आता माझं वजन कपडे आणि पाठपिशवीसकट ७० किलो धरा. बुटाचा तळ साधारण २५० चौरस सेंटिमीटर. चालताना एक पाय उचललेला असतो, त्यामुळे सगळा भार एकाच तळाखाली येतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २८० ग्रॅम. माझ्या वाट्याला आलेला स्नोशू ६० सेंटिमीटरहून थोडा लांब आणि २० सेंटिमीटर रुंद होता. गोलसर कोपरे वजा केले तर क्षेत्रफळ ११०० चौरस सेंटिमीटर. दाब आला ६५ ग्रॅमच्या आत. जवळपास चौथाई.

चौथाई झाला म्हणजे संपला असं नाही. फोटोंत माणसं बर्फाच्या वरून सहज चालत असतात, पण ते फोटो बहुतेक वेळा आधीच तुडवलेल्या वाटेवरचे असतात. ताज्या, खोल बर्फात स्नोशू घालूनही पाय रुततोच. मी वीतभर रुतत होते, कुठे त्याहून थोडी जास्त. मात्र प्रत्येक वेळी तेवढीच. पुढचं पाऊल किती खाली जाणार हे आधी माहीत असलं की शरीर लगेच त्याची सवय करून घेतं. माझ्या मते स्नोशूचं खरं देणं हेच आहे. ज्यांना तरंगत चालायची अपेक्षा असते ते पहिल्या तासात वैतागतात.

माप निवडताना वजन विचारतात, आणि ते पाठपिशवीसकट सांगायचं असतं. आमच्यासमोर चार लांब्यांचे जोड मांडले होते, सगळ्यांत छोटा ५५ सेंटिमीटरच्या आसपास, मोठा ९० च्या. गाइडबाईंचा दुसरा प्रश्न होता, जायचं कुठे? तुडवलेल्या वाटेने की कोऱ्या बर्फातून? कारण एकाच वजनाच्या माणसाला खचलेल्या बर्फावर छोटा पुरतो आणि ताज्या भुरभुरीत बर्फावर मोठाही अपुरा पडतो. मग मोठाच का घेऊ नये? माझ्या भाचीने तोच विचार केला आणि सरळ पाऊण मीटरहून लांब जोड उचलला. "मावशी, तूही हाच घे, कमी रुतशील." कमी रुतले असते, खरंच. पण पायात बांधलेला एक किलो पाठीवरच्या पाच-सहा किलोंइतकी शक्ती खातो, असं चालण्याच्या श्रमांवरच्या लष्करी प्रयोगांतून दिसलेलं आहे, कारण तो दर पावलाला उचलावा, पुढे न्यावा आणि थांबवावा लागतो. त्यात लांब स्नोशू झाडीत वळता वळत नाही. मी मधला घेतला. दुपारपर्यंत भाचीने बढाई मारली आणि दुपारनंतर ती गप्प झाली, यातून ज्याने त्याने काय ते समजावं. सकाळी मोकळ्या माळावर मात्र ती माझ्यापेक्षा बोटभर वरूनच चालत होती, हेही सांगायला हवं.

निवाऱ्याच्या भिंतीवर जुने लाकडी स्नोशू टांगलेले होते. मी त्यांच्यापुढे बराच वेळ रेंगाळले. ॲशच्या लाकडाची पट्टी वाफेवर मऊ करून वाकवायची, टोकं मागे जुळवून बांधायची आणि मधल्या जागेत कच्च्या कातड्याच्या वाद्यांची जाळी विणायची. कातडं हरणाचं, मूसचं किंवा कॅरिबूचं. जवळून पाहिलं तर जाळीची वीण सगळीकडे सारखी नसते. पुढे आणि मागे बारीक वाद्यांची नाजूक वीण, चवड्याखाली जिथे सगळं वजन येतं तिथे जाड वादी आणि घट्ट वीण, आणि त्याच्या किंचित पुढे बोटांसाठी एक मोकळं भोक. पाऊल पुढे झुकलं की बुटाचं नाक त्या भोकातून खाली जातं. आजच्या प्लास्टिकच्या स्नोशूतही ते भोक त्याच जागी आहे.

आकार मात्र जागोजागी वेगळे. क्री, ओजिब्वा, इनू, ह्युरन-वेन्डाट अशा उत्तर अमेरिकेतल्या लोकांनी आपापल्या जमिनीप्रमाणे ते घडवले. दाट झाडीत आणि चढउतारांवर आखूड, शेपूट नसलेला गोलसर 'बेअरपॉ' बरा. उघड्या मैदानावर, गोठलेल्या नदीवर लांबलचक, पुढून वर वळलेला, जवळजवळ दीड मीटरपर्यंत जाणारा. ओजिब्वांचा दोन्ही टोकांना निमुळता. मागची लाकडी शेपूट शोभेची वाटते, पण तिच्या वजनाने पाय उचलताच मागची बाजू खाली राहते, नाक आपोआप वर येतं आणि वर साचलेला बर्फ घसरून पडतो. ॲल्युमिनियमच्या नळीची फ्रेम आणि जाळीच्या जागी सलग कापड हा प्रकार १९७० च्या दशकात मूळ धरू लागला.

माणसाने ही युक्ती किती आधी काढली याचा एक पुरावा इटलीत बोल्झानोच्या संग्रहालयात आहे. इटली-ऑस्ट्रिया सीमेजवळ, ३१३४ मीटर उंचीवर हिमनदीच्या कडेला, २००३ साली नकाशाच्या कामावर गेलेल्या एका इटालियन तंत्रज्ञाला बर्चच्या फांदीचं वाकवलेलं कडं आणि त्याला बांधलेल्या दोऱ्या सापडल्या. कुणा शेतकऱ्याची शंभरेक वर्षांपूर्वीची वस्तू असेल असं समजून त्याने ती कित्येक वर्षं कचेरीत ठेवली. तपासणीत ती सुमारे ५८०० वर्षांची निघाली आणि २०१६ साली ते जाहीर झालं. त्याच डोंगररांगेत सापडलेल्या ओट्झी या प्रसिद्ध हिममानवाहून ती पाचेकशे वर्षांनी जुनी! जनावरांसाठीही हा उपाय होता. ग्रीक सेनानी झेनोफन हिवाळ्यात आर्मेनियाच्या डोंगरातून सैन्य घेऊन जात होता, तेव्हा तिथल्या गावमुखियाने त्याला घोड्यांच्या पायांना छोट्या पिशव्या बांधायला सांगितलं. त्या नसल्या की घोडी पोटापर्यंत बर्फात जात.

भिंतीवरच्या जोडांवरून नजर काढून आम्ही आपापले बांधायला बसलो. नियम थोडेच आहेत, पण पाळले नाहीत की वाटेत भोवतात. चवडा बरोबर बिजागरीवर, म्हणजे बूट फ्रेमवर जिथे पुढे-मागे झुकतो त्या सांध्यावर, यायला हवा. पुढे गेला तर बुटाचं नाक फ्रेमवर आपटतं, मागे राहिला तर स्नोशूचं नाक बर्फात खुपसतं. बकल बाहेरच्या बाजूला, म्हणजे एका पायाचं दुसऱ्यात अडकत नाही. पट्ट्यांची लोंबती टोकं खोचून टाकायची. पुढचे पट्टे घट्ट, पण बोटं हलतील इतके, कारण रक्त फिरायचं थांबलं की बोटं लगेच बधिर होतात. टाचेचा पट्टा मोकळा चालेल असं मला वाटलं होतं. गाइडबाईंनी तो स्वतः ओढून दोन भोकं पुढे घेतला. हे सगळं हातमोजे घालून करायचं. मोजे काढले की धातूचं बकल बोटांना चावतं, आणि ओल्या बोटांना तर चिकटतंच. बुटाच्या वर पोटरीपर्यंत गेटर, म्हणजे बर्फ आत शिरू न देणारी आवरणं, चढवले, त्यांचे हूक लेसमध्ये अडकवले, आणि काठ्यांना रुंद चकत्या लावल्या. साध्या काठीची छोटी चकती ताज्या बर्फात मुठीपर्यंत आत जाते, मग ती काठी कसली!

पहिली काही पावलं हसू यावं अशी पडतात. आपले पाय एकदम रुंद झालेत हे डोक्याला पटत नाही. सगळेच जण आधी फेंगडे चालतात, आणि अर्ध्या तासात जांघा भरून येतात. उपाय असा की पाय फार फाकवायचेच नाहीत. पुढे नेताना एका स्नोशूची आतली कड दुसऱ्याच्या कडेवरून किंचित उचलून न्यायची. बिजागरीमुळे फक्त नाक उचलावं लागतं, शेपूट मागे घसटत येते. गुडघा छातीशी आणण्याची गरज नाही. काही वेळाने लय सापडते, आणि मग आवाजावरूनच कळतं की पाऊल नीट पडलं. नीट पडलेल्या पावलाचा दबका, कोरडा कुरकुराट येतो. एकावर एक पडलेल्या पावलाचा खट्ट.

मागे चालता येत नाही. शेपूट बर्फात घुसते आणि माणूस बसतो. वळायचं तर मोठा वळसा घ्यायचा. जागा नसेल तर एक पाय उचलून थेट उलट दिशेने ठेवायचा, काठ्यांवर रेलायचं आणि दुसरा पाय फिरवून त्याच्या शेजारी आणायचा. वर्णन सोपं आहे. पहिला पाय फिरवल्यावर आणि दुसरा फिरवण्याआधी माणूस ज्या अवस्थेत असतो ती बघणाऱ्यांसाठी फार करमणुकीची असते.

पडण्याचा सराव गाइडबाईंनी मुद्दाम करून घेतला, आणि मला तो सगळ्यांत उपयोगी वाटला. भुसभुशीत बर्फात पडल्याने लागत नाही. उठता येत नाही ही अडचण. पाठीवर पडलेली मी आधी सवयीने हात टेकला, तो खांद्यापर्यंत गेला आणि तोंडही बर्फात गेलं. मग पद्धत शिकवली. आधी पाठपिशवीचे पट्टे सोडायचे. मग कुशीवर वळून पोटावर यायचं, स्नोशू एकमेकांत अडकले असतील तर ते हवेत उचलून सोडवायचे. दोन्ही काठ्या फुलीसारख्या एकमेकींवर आडव्या ठेवायच्या आणि फुलीच्या मध्यावर तळहात दाबायचा. काठ्या तेवढ्यापुरता हाताचा स्नोशू होतात. एक गुडघा पोटाखाली घ्यायचा, त्याच्या पुढे दुसरं पाऊल सपाट टाकायचं, थोडं थांबायचं, खालचा बर्फ दबू द्यायचा, आणि मगच उठायचं. घाई केली की पुन्हा पहिल्यापासून.

थोडं थांबायचं ही गोष्ट पुढे वाट पाडतानाही कामाला आली. कोऱ्या बर्फात सगळ्यात पुढे असणाऱ्याचे कष्ट मागच्यांच्या कैक पट असतात. पाऊल टाकलं की लगेच सगळा भार द्यायचा नाही. आधी हलकेच दाबायचं, क्षणभर थांबायचं. तेवढ्यात बर्फाचे नाजूक कण मोडून एकमेकांत बसतात, खाली एक गादी तयार होते, आणि मग भार दिला की पाऊल तिथेच राहतं. धसमुसळेपणाने चालणारा त्याच बर्फात चार-पाच बोटं जास्त खोल जातो, आणि ती चार-पाच बोटं दर वेळी वर चढून यावी लागतात. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाने पहिल्याच्या पावलांत पाय न टाकता दोन पावलांमधल्या उंचवट्यावर टाकायचा, म्हणजे वाट सलग होते. तिसरा-चौथा ती दाबून पक्की करतो. पुढचा दमला की बाजूला सरकून उभा राहतो, बाकीचे पुढे जातात, तो रांगेच्या शेवटी लागतो. यात मानापमान नसतो. आमच्यातल्या एका धट्ट्याकट्ट्या गृहस्थांना बराच वेळ पुढचा नंबर सोडायचा नव्हता. गाइडबाईंनी काही न बोलता फक्त त्यांच्या टोपीखालून निघणाऱ्या वाफेकडे बोट दाखवलं.

घामाचं त्यांना भारीच वावडं. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, असं त्या सारख्या सांगत. चालायला लागल्यावर दहा मिनिटांत शरीर तापतं. अंगात सगळे थर ठेवून निघालं तर आतले कपडे भिजतात, आणि थांबलं की तोच ओलावा अंगातली ऊब ओढून घेतो. म्हणून जाड जॅकेट चालताना पिशवीत आणि थांबताना अंगावर. आपल्या सवयीच्या अगदी उलट आहे हे. थांबल्याबरोबर, दम खाण्याच्याही आधी, जॅकेट चढवायचं.

चढाला पाय वेगळा पडतो. चढताना बुटाचं नाक बर्फात मारायचं, म्हणजे पाऊल पायरीसारखं बसतं आणि चवड्याखालचे पोलादी दात खालच्या घट्ट थरात रुततात. खालीही भुसभुशीतच असेल तर दातांना धरायला काही नसतं, मग एकाच जागी दोन-तीनदा दाबून पायरी आधी तयार करावी लागते. लांब चढावर टाचेखालची तारेची कमान काठीच्या टोकाने वर उभी करतात. टाच तिच्यावर टेकली की चढ असूनही पाऊल सपाट राहतं आणि पोटऱ्यांचा ताण एकदम उतरतो. एवढ्याशा तारेने इतका फरक पडेल असं वाटत नाही. उतरताना वजन किंचित मागे, गुडघे सैल, टाच आधी. खोल बर्फात उतरण्यासारखी मजा नाही. दर पाऊल हातभर घसरून आपोआप थांबतं, आणि वर चढताना ज्याने तासभर खाल्ला तो उतार काही मिनिटांत संपतो.

स्नोशूची खरी दुखरी नस म्हणजे आडवा उतार. रुंद तळ उताराशी तिरका बसतो, डोंगराकडची कड टेकते, दरीकडची हवेत, आणि घोटा सतत वाकडा. आम्ही डोंगराकडची कड लाथेने आत बसवत, खालच्या बाजूची काठी लांब आणि वरची आखूड करत एक छोटा पट्टा पार केला. तेवढ्यानेच घोटे बोलायला लागले. ज्यांच्या फ्रेमच्या कडेलाच दाते होते त्यांना कमी त्रास झाला. गोल नळीची फ्रेम असलेले सरळ खाली घसरत होते. शक्य तिथे आडवं न जाता सरळ चढावं किंवा सरळ उतरावं, हे तेव्हा नीट पटलं.

स्प्रूसच्या झाडांपासून लांब राहा, अशी ताकीद आधीच मिळाली होती. फांद्या जमिनीपर्यंत झुकलेल्या असतात, बर्फ त्यांच्यावर अडतो आणि बुंध्याभोवती पोकळी राहते. वरून ती दिसत नाही. गाइडबाईंनी काठी एका झाडाखाली खुपसली आणि ती काही न लागता मुठीपर्यंत गेली. त्यात पाय गेला तर रुंद स्नोशू फांद्यांच्या खाली आडवा अडकतो आणि तो ओढून काढता येत नाही. हात घालून बकल सोडावं लागतं. बर्फाखालून वाहणाऱ्या ओढ्यांचंही तसंच. तिथे बर्फावर लांबट खोलगट रेघ दिसते, आणि थांबून ऐकलं तर खालून पाण्याचा आवाज येतो.

दुपारी एका उतारापाशी त्यांनी फावडं काढलं आणि जमिनीपर्यंत खड्डा खणला. उभ्या कापलेल्या भिंतीत थर स्वच्छ दिसत होते. वर हलका ताजा बर्फ, त्याखाली बोटाने टोचला तर अडणारा घट्ट थर, मग पातळ काचेसारखा पापुद्रा, आणि तळाशी साखरेसारखे सुटे, टोकदार कण. मी ते मुठीत दाबले तर गोळा होईना, बोटांमधून सांडून गेले. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो. खालची जमीन शून्य अंशाच्या आसपास आणि वरची हवा कितीतरी थंड. मग खालची वाफ बर्फातून वर सरकते आणि तळाचे कण वाढून असे सुटे होतात. त्यावर पुढच्या महिन्यांचा सगळा बर्फ येऊन बसतो. तो तळ खचला की वरची लादी सुटते, म्हणजेच हिमस्खलन होतं. अशा लाद्या बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि तेवढा उतार स्नोशूवाल्याला सहज चढता येतो. स्नोशूने वजन पसरतं म्हणून हा धोका टळतो असं मुळीच नाही. उलट नुसत्या बुटांनी जिथे माणूस पोचलाच नसता तिथे तो पोचतो. उताराच्या पायथ्याशी, सपाट जागी चालत असलो तरी खालचा कच्चा थर खचून वरचा उतार सुटू शकतो. त्याची खूण म्हणजे पायाखालून येणारा धप्प असा आवाज.

आम्हा सगळ्यांच्या छातीवर बीकन, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं संदेशयंत्र, होतं, पिशवीत घडीचा प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून शोधायची लांब सळई, आणि फावडं. सकाळी बीकन शोधण्याचा सरावही झाला होता. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर आला तर जगण्याची शक्यता चांगली, पुढे ती झपाट्याने घटते. बाहेरून मदत येईपर्यंत तेवढा वेळ गेलेलाच असतो, तेव्हा शोधणारे सोबतचेच. खड्डा पाहून झाल्यावर गाइडबाईंनी काठीने उताराचा कोन मोजला, ३४ भरला, आणि आम्ही वळलो. ठरवलेला माथा राहिला. धट्टेकट्टे गृहस्थ थोडे कुरकुरले. मला मात्र तो खड्डा माथ्यापेक्षा जास्त आवडला.

दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने गेलो तेव्हा ती ओळखू येईना. आदल्या दिवशी जिथे वीतभर रुतत होतो तिथे स्नोशूचे दात खडखडत होते. रात्री नवा बर्फ पडला नव्हता, आणि फक्त गोठल्याने हे झालं नव्हतं, कारण थंडी तर दिवसभरही होतीच. आम्ही तुडवून कण एकमेकांजवळ आणले होते. जिथे ते टेकतात तिथे वाफेच्या रूपाने सरकणारे पाण्याचे रेणू जमतात, सांधा जाड होत जातो आणि काही तासांत सगळं एकजीव होतं. एके ठिकाणी मी स्नोशू काढून नुसत्या बुटांनी चालून पाहिलं, वाट पेलत होती. एक पाऊल वाटेबाहेर टाकलं, आणि थेट मांडीपर्यंत.

नडगीचं दुखणंही दुसऱ्याच दिवशी आलं. नडगीच्या पुढच्या बाजूला, घोट्याच्या वर, पाऊल उचललं की चमक. स्नोशूचं नाक दर पावलाला वर उचलणाऱ्या स्नायूची कंडरा, म्हणजे तो हाडाला जोडणारी दोरी, सुजते. फर व्यापाराच्या काळात कॅनडातल्या फ्रेंच प्रवाशांनी या दुखण्याला 'माल द राकेत', म्हणजे स्नोशूचं दुखणं, असं नावच देऊन ठेवलं होतं. दिवसचे दिवस चालणाऱ्यांचे त्याने फार हाल होत. माझं किरकोळ होतं. गाइडबाईंनी पाहिलं, पायाचा वरचा पट्टा एक भोक सैल केला, पावलं आखूड टाकायला सांगितली आणि मला रांगेत शेवटी, पक्क्या वाटेवर ठेवलं. तासाभरात चमक निम्म्याने कमी झाली.

त्या दिवशी दुपारी हवा शून्याच्या वर गेली तसा बर्फाचा स्वभावच पालटला. सकाळी न चिकटणारा तो आता दातांमध्ये गच्च बसून गोळे धरायला लागला. बघता बघता टाचेखाली बोटभर, मग मूठभर ढेकूळ, आणि पाय जड. काठीने फ्रेमला बाजूने टकटक मारत चालावं लागलं. असा बर्फ रुततोही वेगळाच. ताज्या बर्फात पाय अलगद जातो आणि अलगद येतो, ओल्यात तो जातो आणि अडकतो. म्हणून जाणकार अशा दिवसांत पहाटे निघून दुपारच्या आत परततात.

निवाऱ्यावर आल्यावर स्नोशू झटकून, बिजागरी आणि रिव्हेट तपासून, पट्टे सैल करून ते शेगडीपासून लांब उभे करायचे. ओल्या बकलात पाणी राहिलं तर सकाळी ते बर्फ होऊन बसतं आणि पट्टा जागचा हलत नाही. माझा जोड झटकताना दिसलं की डाव्या स्नोशूच्या कडेवर उजव्याने मारलेले ओरखडे पुढच्या टोकापासून थेट मधल्यापर्यंत होते. पुढच्या खेपेला मी एक माप लहान घेणार आहे आणि शेपटीला मागून जोडायचा जादा तुकडा पिशवीत ठेवणार आहे, म्हणजे खोल बर्फ लागला तर लांबी तिथल्या तिथे वाढवता येईल. भाचीचा आग्रह अजून मोठ्याचाच आहे.